नेट कोण संपवतंय? राउटरला विचारा

नागपुरात धरमपेठ असो की नंदनवन, चार जण एका फ्लॅटमध्ये राहतात आणि वायफाय एकच. महिना संपायच्या आत स्पीड पडला की संशय आधी सिनेमे पाहणाऱ्यावर. 'अनलिमिटेड' म्हणून विकलेल्या बऱ्याच फायबर प्लॅनलाही महिन्याची मर्यादा असते, अनेकदा ३३०० जीबी.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका (खरा पत्ता राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो), लॉगिन करा आणि 'ट्रॅफिक स्टॅटिस्टिक्स'सारखं पान शोधा. स्वस्त राउटर बहुधा फक्त जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवतात, कोणी किती ओढलं ते नाही. शिवाय बऱ्याच राउटरचे आकडे रीस्टार्ट झाला की शून्यावर येतात. उन्हाळ्यात लाईट जाते तेव्हा हिशोबही जातो.

म्हणून प्रत्येक कॉम्प्युटरवरच मोजलेलं बरं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, मग डेटा युसेज: गेल्या ३० दिवसांचा खर्च अ‍ॅपनुसार दिसतो. लिनक्सवाल्यांनी व्हीएनस्टॅट (vnStat, किती डेटा गेला-आला याची नोंद ठेवणारं साधन) टाकावं. मॅकचा अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर इथे फारसा कामाचा नाही, जुना हिशोब तो ठेवतच नाही.

एक लक्षात असू द्या: व्हीएनस्टॅटसारखी साधनं एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर घरातच कॉपी केलेली फाइलही मोजतात, त्यामुळे बेरीज बिलाशी तंतोतंत जुळणार नाही. आणि स्मार्ट टीव्ही विसरू नका. बहुतेक भांडणांत दोषी तोच निघतो, जी.