सायबरपंक लिहायचंय? मग आधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक चक्कर मारा

सायबरपंक म्हणजे कॉम्प्युटर, नेटवर्क आणि बड्या कंपन्यांच्या कचाट्यात जगणाऱ्या माणसांच्या विज्ञानकथा. नाव काढलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढं तेच येतं, रात्र, पाऊस, निऑन लाइट, जपानी पाट्या, आणि मग आपली पोरं लिहायला बसली की हिरोला थेट टोकियोत नेऊन सोडतात. भावांनो, ते सगळं बाजूला ठेवा. या प्रकाराचा जीव एकाच प्रश्नात आहे, मशीन कुणाच्या मालकीचं आणि त्याच्यावर पोट कुणाचं चालतंय. एवढं धरून वाचलं की वाचायलाही सोपं जातं आणि लिहायलाही.

वाचायला सुरुवात विल्यम गिब्सनच्या न्यूरोमॅन्सरपासून करा, १९८४ ची आहे. पहिली काही पानं डोक्यावरून जातील, जाऊ द्यात. प्रत्येक अनोळखी शब्दाला थांबून गुगल करत बसलात तर पुस्तक तिथंच मिटणार. फक्त कोण कुणाला पैसे देतंय आणि कोण कुणाला घाबरतंय एवढं पेन्सिलनं कडेला लिहीत चला. त्यातला केस नावाचा हॅकर ज्यांच्यासाठी काम करत असतो त्यांच्याकडंच चोरी करतो, आणि ते लोक त्याच्या नसाच अशा बिघडवून टाकतात की हातपाय शाबूत पण नेटवर्कमध्ये शिरायचा धंदा बंद. म्हणजे कारागिराचं हत्यारच काढून घेतलं, पुढं तो जे जे करतो ते या एका गोष्टीपायी. आणि कोडिंग येत नाही म्हणून बिचकत असाल तर गिब्सननं ही कादंबरी टाइपरायटरवर लिहिली हे लक्षात असू द्या.

प्रयोगशील लिखाणाचं, म्हणजे गोष्ट नेहमीच्या सरळ पद्धतीनं न सांगणाऱ्या लिखाणाचं, वेगळं. हुलियो कोर्तासार या अर्जेंटिनाच्या लेखकाच्या रायुएला (१९६३) या स्पॅनिश कादंबरीत १५५ प्रकरणं आहेत, लेखक सुरुवातीलाच सांगतो की ५६ पर्यंत सरळ वाचून थांबलात तरी चालेल, नाहीतर ७३ पासून सुरू करून मी देतोय त्या क्रमानं उड्या मारा. पहिल्यांदा सरळच वाचा. मराठीत किरण नगरकरांची सात सक्कं त्रेचाळीस (१९७४) ही कादंबरी घ्या, काळ सारखा मागंपुढं होतो, पण तुकडे जुळवायची घाई नको, या तुकड्यानंतर तोच का आला हे विचारत राहा.

आता लिहायचं. उद्यमनगरात, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या भागात, एखाद्या सीएनसीजवळ (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर धातू कापणारं मशीन) ओळखीनं उभं राहून बघा, प्रोग्रॅम कोण टाकतंय, जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला भाग, रिजेक्ट झाला तर बोलणी कोण खातंय. तिथंच निम्मी कथा मिळते. फॉर्मसाठी, म्हणजे गोष्ट कुठल्या साच्यात सांगायची त्यासाठी, पण लांब जायची गरज नाही, पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे मेसेज फोनवर येत असतात की नाही, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे इथं लहान पोरालाही पाठ आहे. अख्खी कथा त्या मेसेजमध्येच लिहून बघा:

सकाळी ७, ३८ फूट ७ इंच. आजी म्हणते धान्य माळ्यावर टाका.
सकाळी १०, ३९ फूट. ॲप म्हणतंय तुमचा भाग सुरक्षित.
दुपारी २, ४१ फूट २ इंच. ॲप म्हणतंय तुमचा भाग सुरक्षित. वरच्या गल्लीत बोट आली.

बघा, सजावटीचं एक विशेषण नाही, निऑन नाही, ॲपचा मालक कुठं दिसत पण नाही, तरी वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो कारण आकडा चढतोय. प्रयोग असा विषयातनं यायला पाहिजे. तपासायचं असेल तर तीच गोष्ट साधी सरळ सांगून बघा, काहीच हरवलं नाही तर प्रयोग काढून टाका, मला तरी नुसता दिखाऊ प्रयोग वाचवत नाही.

अजून एक विषय देतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच राधानगरी धरणाचे ७ स्वयंचलित दरवाजे पाणी ठरलेल्या पातळीला आलं की आपोआप उघडतात, कुणाच्या फोनची वाट बघावी लागत नाही. तिथं उद्या एखाद्या कंपनीचं सॉफ्टवेअर बसलं आणि पासवर्ड दुसऱ्याच शहरात असला तर? पासवर्ड कुणाकडं आणि नदीकाठाला घर कुणाचं, ही दोन माणसं आधी ठरवा, मगच पेन उचला.

भाषा पुस्तकी करू नका. सेन्सर, सर्व्हर, लॉगिन हे तसंच ठेवा, आणि माणसं 'काय लावलंयस रं' असंच बोलू देत. पहिला ड्राफ्ट दोन-तीन पानांचाच करा आणि मशीनवर काम करणाऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा, तो जिथं 'असं नसतंय' म्हणेल तिथं खूण करा आणि मग कसं असतंय ते त्यालाच विचारून लिहून घ्या.