हात आधी, सूर नंतर

स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) वाचता येतो, एखादं वाद्य बरं वाजतं आणि आता ऑर्केस्ट्राचं कंडक्टिंगच शिकायचं, असं ठरवलेल्यांसाठी लिहितोय. रेकॉर्डिंग लावून आरशासमोर हात फिरवू नका. मी दोन वर्षं तेच केलं.

बीथोवनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात आठवा. ते पहिले तीन ‘जी’ स्वर बारच्या (ठोक्यांच्या एका गटाच्या) पहिल्या ठोक्यावर नाहीत. तिथे छोटीशी रेस्ट आहे. हात खाली येतो तो शांततेवर, सूर त्यानंतर. लहानपणी तबला शिकल्यामुळे माझ्या हाताला समेवर आवाज हवाच असायचा. रेकॉर्डिंगबरोबर ते खपून जायचं. पहिल्यांदा खऱ्या वादकांसमोर तसाच हात आणला, तर व्हायोला हाताबरोबर वाजले, व्हायोलिन मागून आले आणि दोन्ही क्लॅरिनेटवाल्यांनी वाद्य ओठांना लावलं, पण फुंकलंच नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. ती नजर अजून आठवते.

एकदा रेकॉर्डिंग चालू असताना हात मध्येच थांबवून बघा. संगीत चालूच राहतं. म्हणजे इतके दिवस तुम्ही त्याच्या मागे धावत होतात. कंडक्टरचं खरं काम आवाजाच्या आधीचं आहे: मनात लय धरून दोन बार गायचे, त्याच लयीत श्वास घेत हात उचलायचा. वेग, जोर, सगळं त्या उचलण्यात असतं. चार-पाच वाजवणारे मित्र जमवा आणि त्यांना बजावून सांगा, ‘मी चुकलो तर सावरून घेऊ नका.’

तीन दिवसांच्या मास्टरक्लासवर आत्ताच पैसे घालू नका, वाट्याला फार तर काही मिनिटं येतात. काठी हिसकावून ‘असं कर’ म्हणणाऱ्या गुरूपेक्षा ‘इथे दुसरा बासूनवाला (बासून म्हणजे खर्जातलं फुंकवाद्य) काय वाजवतोय, गाऊन दाखव’ म्हणणारा शोधा. कंडक्टर झुबिन मेहता १९५४ साली मुंबईहून व्हिएन्नाला गेले, तिथे हान्स स्वारोव्स्की या गुरूंकडे कंडक्टिंग शिकताना डबल बास वाजवायलाही शिकले. वादकांच्या रांगेत बसाच.

आणि पियानो सोडू नका. जर्मनीतल्या ऑपेरागृहांत अनेकांची सुरुवात कोरेपेटिटर म्हणून होते, गायकांच्या तालमीला तासन् तास पियानो वाजवत. तो कच्चा असेल तर ते दार बंद. आपल्याकडे मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राची सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे, पण अशा जागा मोजक्याच. बाहेर जावं लागेल, हे घरी आत्ताच सांगून ठेवा.

हाताची सवय मात्र सुटते, घाबरू नका. मला एक हिवाळा लागला. मार्चमध्ये त्याच वादकांसमोर हात वर गेला, तेव्हा दोन्ही क्लॅरिनेटवाल्यांनी माझ्याबरोबर श्वास घेतलेला मला दिसला.