‘पुढे’ म्हणजे नक्की कुठे? फ्रेझल व्हर्ब शिकताना या चुका टाळा

दर जूनमध्ये संध्याकाळच्या बॅचला नवी मुलं येतात आणि पहिल्याच आठवड्यात कोणीतरी स्पायरल बायंडिंग केलेला झेरॉक्सचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवतं. “मॅडम, हे चांगलं आहे का?” वर नाव काहीही असो, आत तेच. ५०० फ्रेझल व्हर्ब (म्हणजे ‘गो ऑफ’, ‘टर्न अप’सारखी, क्रियापदाला छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ देणारी जोडी), डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ, एकेकाला एकच. पहिली दोन पानं हायलायटरने पिवळीधमक झालेली असतात आणि तिसरं कोरं. इतक्या वर्षांत तिसरं पान पिवळं झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

त्याच त्या चुका दुरुस्त करून माझी लाल शाई संपत आली आहे, म्हणून एकदाच लिहून टाकते.

यादी पाठ करणे

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती आळशी नाही, मेहनती मुलं करतात, म्हणून जास्त वाईट वाटतं.

समजा, एखादा जर्मन पाहुणा मराठी शिकायला तुमच्या घरी राहिला आणि त्याने वहीत लिहिलं: लागणे म्हणजे टू टच. आता त्याला समजावा. भूक लागली. ठेच लागली. नोकरी लागली. झोप लागली. फोन लागला. दार लागलं. एसटी लागली. या शेवटच्याचे तर दोन अर्थ: स्टँडवर फलाटाला एसटी लागली की आपण पिशव्या घेऊन धावतो, आणि घाटात पोराला एसटी लागली की रिकामी पिशवी शोधावी लागते. ‘शोधावी लागते’ मधलं ‘लागते’ पुन्हा तिसरंच! बिचारा पाहुणा वही मिटून चहा मागेल.

तुम्ही आम्ही हे कधी पाठ केलं? कधीच नाही. आईने “दार लागलंय का बघ” म्हटलं आणि आपण उठून पाहिलं. शब्द वाक्यातून आला, वाक्य प्रसंगातून. इंग्रज पोरं ‘पुट’ आणि ‘गेट’ असंच शिकतात, आणि आपण मात्र त्यांची यादी करून रट्टा मारतो.

बरं, यादी नुसती कंटाळवाणी असती तरी चाललं असतं. ती खोटंही बोलते. ‘गो ऑफ’ घ्या. यादीत लिहिलेलं असतं, ‘बंद होणे’. दिवे गो ऑफ झाले म्हणजे बंद झाले, बरोबर. पण अलार्म गो ऑफ झाला म्हणजे तो वाजायला लागला. आणि इंग्लंडमध्ये दूध गो ऑफ झालं म्हणजे ते नासलं. आता ‘अलार्म गोज ऑफ झाल्यावर इमारतीबाहेर पडा’ अशी सूचना वाचून माझा एक विद्यार्थी म्हणाला, “म्हणजे भोंगा थांबेपर्यंत आत बसायचं ना?” यादीप्रमाणे त्याचं उत्तर अगदी बरोबर होतं.

परक्यांना हे जड जातं हे इंग्रजांनाही ठाऊक आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला इंग्रजी शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्याने कबूल केलं आहे की क्रियापदामागे असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची आमची जी खोड आहे, तिचा परदेशी माणसाला सगळ्यात जास्त त्रास होतो. तेव्हा जमत नसेल तर स्वतःला फार बोल लावू नका. आणि ‘३० दिवसांत पक्कं’ म्हणणाऱ्याचा व्हिडिओ पाहिला तर एवढं लक्षात ठेवा, की तो व्हिडिओ ३० दिवसांत पाहून होतो, इतकंच.

मी काय करते ते सांगते. ही काही पद्धत वगैरे नाही, माझी सवय आहे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहिते, त्याच चौकोनात घरात त्या दिवशी घडलेलं एक वाक्य इंग्रजीत. ‘वी रॅन आउट ऑफ गॅस.’ ‘द प्लंबर डिडन्ट टर्न अप.’ ‘आय पुट अप विथ द गेस्ट्स’, म्हणजे पाहुण्यांना सहन केलं. हे तिसरं पाहुण्यांच्या नजरेस पडलं होतं, तो भाग वेगळा. आठवड्याला तीन-चार वाक्यं पुरतात. प्लंबर आला नाही याचा राग त्या ‘टर्न अप’ला चिकटून राहतो, आणि रागाने लक्षात राहिलेलं सहसा विसरत नाही.

आणखी एक. आपण ‘खाल्लं’ आणि ‘खाऊन टाकलं’ यात फरक करतो, ‘बोललो’ आणि ‘बोलून बसलो’ यात तर फारच. मागचं क्रियापद नवी छटा देतं. इंग्रजीत हे काम छोटे शब्द करतात. ईट अप, ड्रिंक अप, यूज अप यांतला ‘अप’ म्हणजे आपलं ‘टाकणे’च: खाऊन टाक, पिऊन टाक, वापरून टाक. कॅरी ऑन, कीप ऑन मधला ‘ऑन’ म्हणजे चालू ठेव. सोल्ड आउट, रन आउट, वेअर आउट मधला ‘आउट’ म्हणजे शिल्लक काही नाही. हे कळलं की अंदाज बांधता येतो. फक्त त्याचा नियम करू नका, कारण ‘थ्रो अप’ म्हणजे उलटी होणे, आणि त्यात काही खाऊन टाकलेलं पोटात राहत नाही.

‘पुढे’ आणि ‘मागे’ मराठीतून ओळखणे

या चुकीवर मी एक आख्खा तास घेते, कारण ती मी स्वतः केलेली आहे.

क्लास काढण्याआधी मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात होते. पंपाची कास्टिंग बनायची, माल इंग्लंडला जायचा, आणि परदेशी पत्रव्यवहार माझ्याकडे होता, कारण बी.कॉम. होते आणि माझं इंग्रजी ‘चांगलं’ समजलं जायचं. २००४ चा ऑक्टोबर. १४ तारखेला, गुरुवारी, गिऱ्हाइकाकडचा इन्स्पेक्टर माल तपासायला येणार होता. आदल्या आठवड्यात त्यांची मेल आली: ‘वी हॅव ब्रॉट द इन्स्पेक्शन फॉरवर्ड बाय टू डेज.’

ब्रॉट फॉरवर्ड! हा तर माझा हक्काचा शब्द. अकाउंट्सच्या वहीत मागच्या पानावरची बाकी पुढच्या पानावर आणली की आपण बी/एफ लिहितोच. त्यात मराठीत तारीख पुढे गेली म्हणजे लांबली, हे शेंबडं पोरही सांगेल. मी साहेबांना ऐटीत सांगितलं, “सर, शनिवारी येतायत. दोन दिवस जास्त मिळाले.” साहेब खूश. पेंटिंगवाल्याला सुट्टी दिली गेली.

मंगळवारी सकाळी साडेदहाला गेटवरून फोन. “मॅडम, एक गोरा साहेब आलाय. बूट काखेत धरून उभा आहे.”

सेफ्टी शूज होते ते. अर्धा माल प्रायमरवर, अर्धा मशीन शॉपमध्ये, गेस्ट हाउस शुक्रवारपासून बुक. माणूस मुंबई विमानतळावरून स्वतः टॅक्सी करून कसारा घाट चढून आला होता आणि आमच्याकडे त्याला बसवायला धड खुर्ची पुसलेली नव्हती. इंग्रजीत तारीख ‘ब्रिंग फॉरवर्ड’ केली म्हणजे ती आपल्याकडे ओढली, अलीकडे आणली. आणि ‘पुश बॅक’ केली म्हणजे लांबवली. मराठीच्या बरोब्बर उलट. आपण काळाच्या वाटेने पुढे चालतो असं धरतो, म्हणून पुढची तारीख लांबची. त्यांची तारीख जणू आपल्या दिशेने चालत येते, म्हणून ती पुढे सरकली की जवळ येते. हे मी नंतर माझं मलाच समजावलं. त्या दिवशी फक्त घाम पुसत होते.

गोष्ट इथे संपत नाही. तो माणूस सज्जन होता. आमचे चेहरे पाहून हसून म्हणाला, “डोन्ट वरी, वी विल सॉर्ट इट आउट.” म्हणजे, काळजी करू नका, मार्ग काढू. पण कारखान्यात सॉर्टिंग या शब्दाला एकच अर्थ: अख्खा लॉट एकेक नग तपासून खराब माल वेगळा काढायचा, आणि खर्च आपल्या बोकांडी. साहेबांचा रंग उतरला. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “अजून माल बघितला नाही आणि सॉर्टिंग म्हणतोय?” आणि मी, त्यांची इंग्रजी तज्ज्ञ, मान डोलावून म्हणाले, “हो सर, बहुतेक पूर्ण लॉटचं.” दुपारी चारपर्यंत दोन कामगार टेबलं मांडून बसले होते. पाहुण्याने जाता-येता त्यांच्याकडे पाहिलं, पण कशासाठी बसलेत हे शेवटपर्यंत विचारलं नाही.

त्या दिवसापासूनची सवय सांगते. पुढे-मागे, वर-खाली सरकवणारं कुठलंही क्रियापद तारखेबरोबर आलं, की उत्तरात वार आणि तारीख स्वतः लिहून परत पाठवायची. ‘सो, ट्यूसडे द ट्वेल्थ?’ एवढंच. यात कमीपणा नाही. ‘प्रीपोन’ हा आपल्याकडचा शब्द भारताबाहेर अनेकांना अडतो म्हणून त्याला हसतात, पण मला तो प्रामाणिक वाटतो, निदान पोस्टपोनच्या उलटा आहे हे तरी दिसतं.

जाता जाता: ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणे, ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे. लग्नाच्या बाबतीत हा फरक जपून करा.

‘टू’ दिसला की पुढे क्रियापदाचं मूळ रूप ठोकणे

‘आय अॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू.’ नोकरीच्या दर तिसऱ्या अर्जात हे वाक्य भेटतं. इथे हवं ‘टू मीटिंग यू’. हा ‘टू’ ‘टू गो, टू ईट’ मधला नाही, ‘टू मुंबई’ मधला आहे. खात्री करायची तर त्यापुढे नाम ठेवून बघा: ‘लुकिंग फॉरवर्ड टू युवर लेटर’ चालतं ना? मग तिथे ‘मीटिंग’च.

सर्वनाम शेवटी टाकणे

‘पिक अप द बॅग’ आणि ‘पिक द बॅग अप’ दोन्ही ठीक. पण बॅगच्या जागी ‘इट’ आलं की ते मध्येच बसतं: ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ कधीही नाही. सगळी क्रियापदं अशी फुटत नाहीत. ‘लुक आफ्टर’ फुटत नाही, म्हणून ‘लुक आफ्टर हिम’. कोणतं फुटतं, कोणतं नाही, याचा तक्ता मागू नका. वाक्यासकट शिकलात तर तक्ता लागत नाही, हे मी वर सांगून झालं आहे.

किरकोळ, पण रोजच्या

‘कोप अप विथ’ असं काही नाही. नुसतं ‘कोप विथ’. तो ‘अप’ बहुतेक ‘कीप अप विथ’मधून घुसलाय.

फॉर्म ‘फिल अप’ नाही करायचा. इंग्लंडमध्ये ‘फिल इन’, अमेरिकेत ‘फिल आउट’. ‘फिल अप’ पेट्रोलच्या टाकीला.

दिवा ‘क्लोज’ करू नका, ‘टर्न ऑफ’ करा. मराठीत दिवा आणि दार दोन्ही ‘बंद’ होतात, घोळ तिथून आहे.

‘आय पास्ड आउट इन २०१९.’ भारतात सगळ्यांना कळतं. खडकवासल्याच्या एनडीएत पासिंग आउट परेड होते, सैन्यात तो शब्द रीतसर आहे. पण परदेशी मुलाखतीत कॉलेजबद्दल असं म्हणालात, तर समोरच्याला वाटेल तुम्ही त्या वर्षी चक्कर येऊन पडला होतात. ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा.

‘लॉग इन’ क्रियापद, दोन शब्द. ‘लॉगिन’ नाम, एक शब्द. ‘सेट अप’, ‘बॅक अप’चंही तेच. बोलताना नामात जोर पहिल्यावर येतो, क्रियापदात शेवटच्यावर. पिकअप, ब्रेकडाउन, चेकअप, कट-ऑफ ही नामं आपण मराठीतच वापरतो, त्यामुळे क्रियापद म्हणतानाही आपला जोर पहिल्यावरच पडतो.

छाप पाडायला वापरणे

हल्ली एक समज पसरलाय की फ्रेझल व्हर्ब जितकी जास्त तितकं इंग्रजी ‘नेटिव्ह’. मग मुलाखतीत एका वाक्यात तीन कोंबतात आणि तिन्ही चुकतात. ‘पुट अप विथ’ जमत नसेल तर ‘टॉलरेट’ म्हणा की! ‘पोस्टपोन’, ‘कॅन्सल’, ‘इन्व्हेस्टिगेट’ हे शब्द आपल्याला शाळेपासून येतात, आणि ऑफिसच्या पत्रात ते उलट जास्त शोभतात. फ्रेझल व्हर्ब आधी कानाला कळली पाहिजेत. समोरचा ‘लुक इनटू इट’ म्हणाला म्हणजे तो चौकशी करणार आहे, डोकावून बघणार नाही, एवढं समजलं तरी निम्मं काम झालं. तोंडातून ती आपोआप येतील तेव्हा येऊ द्या. माझ्या स्वतःच्या तोंडी ‘पुट अप विथ’ सहज यायला दोन-तीन वर्षं गेली. हे ऐकून पहिल्या रांगेतली मुलं एकमेकांकडे बघतात आणि पुढच्या सोमवारी दोघं कमी येतात.

गेल्या महिन्यात एका मुलाने मेसेज केला, इंग्रजीतच, कारण तसा माझा नियम आहे: ‘मॅडम, आय हॅव अॅन एक्झाम, प्लीज ब्रिंग फॉरवर्ड सॅटर्डेज क्लास.’ मी ठरल्याप्रमाणे उत्तर पाठवलं: ‘सो, फ्रायडे?’ दोन मिनिटं काहीच नाही. मग मराठीत आलं, “नाही मॅडम, पुढे ढकला ना!”