ओव्हरक्लॉकिंगसाठी एअर कूलर घेताय? या चुका टाळा

कूलरच्या खोक्यावर ठळक अक्षरात '२५० वॉट' आणि प्रोसेसरच्या माहितीपत्रकात '१२५ वॉट'. म्हणजे दुप्पट कुवत हाताशी! कूलर बसतो, ओव्हरक्लॉकसाठी, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्यासाठी, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा गुणक, दोन-तीन पायऱ्या वर जातो, सिनेबेंच ही प्रोसेसरला पूर्ण जुंपणारी चाचणी सुरू होते आणि पंधरा सेकंदांत तापमान १०० अंशांवर. पुढची वाक्यं ठरलेली: 'कूलर खराब निघाला' किंवा 'आता लिक्विड कूलरच घ्यावा लागणार'. माझ्या अनुभवात यातलं एकही क्वचितच खरं ठरतं. कूलर आपलं काम करत असतो, हिशेब आपला चुकलेला असतो.

टीडीपीला टीडीपी लावून पाहणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. टीडीपी म्हणजे कंपनीने सांगितलेला उष्णतेचा वॉटमधला आकडा. इंटेलच्या आय९-१३९००केचे १२५ वॉट हे बेस क्लॉकचे, म्हणजे मूळ वेगाचे. टर्बोमध्ये, म्हणजे काम वाढलं की प्रोसेसर आपोआप घेतो त्या वेगात, कमाल मर्यादा २५३ वॉट, आणि हे ओव्हरक्लॉक न करता. एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्सचा टीडीपी १७० वॉट, पण सॉकेटमधून (प्रोसेसर बसतो त्या खोबणीतून) प्रत्यक्ष जाऊ दिलेली वीज २३० वॉटपर्यंत. त्यात बरेच मदरबोर्ड २०२४ पर्यंत तरी इंटेलची वीजमर्यादा ४०९५ वॉट करून ठेवत. म्हणजे मर्यादा नाहीच! तेव्हा प्रोसेसरच्या टीडीपीवरून कूलर निवडणं म्हणजे चपलेच्या मापावरून सदरा शिवणं.

कूलरवरचा आकडा तर त्याहून सैल. तो कसा मोजायचा याची सर्वमान्य पद्धत नाही. खोली किती अंशांची धरली, पंखा किती वेगाने फिरवला, तापमान कुठवर जाऊ दिलं, हे ज्याचं तो ठरवतो. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन कूलरांत कोणता मोठा एवढं सांगायला हा आकडा ठीक आहे, पण दोन कंपन्यांची तुलना त्यावर करू नका. नॉक्टुआ या कूलर बनवणाऱ्या कंपनीने तर वॉटचा आकडा देणं टाळून एनएसपीआर नावाची स्वतःची गुणपद्धत काढली, ती याच कारणाने. परीक्षणं वाचताना आपल्याच प्रोसेसरवर, ठरावीक वॉटला आणि ठरावीक आवाजाला मोजलेलं तापमान शोधा. बाकीचे आलेख बघायला छान असतात, इतकंच.

आधी कूलर, मग व्होल्टेज

क्रम उलटा हवा. प्रोसेसर खातो ती वीज क्लॉकच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. समजा, ४.५ गिगाहर्ट्झ १.२० व्होल्टवर चालतंय आणि वीज लागतेय १५० वॉट. तुम्हाला ४.९ हवेत आणि त्यासाठी १.३५ व्होल्ट द्यावे लागले. क्लॉक वाढला जेमतेम ९ टक्के, वीज मात्र ३८ टक्के वाढून साधारण २०७ वॉट. यातली बहुतेक वाढ व्होल्टेजची आहे. शिवाय चिप तापली की गळतीचा प्रवाह वाढतो आणि तो तिला आणखी तापवतो.

म्हणून व्होल्टेज 'ऑटो'वर ठेवून ओव्हरक्लॉक करू नका. मशीन बंद पडू नये म्हणून बोर्ड हातचं राखून जास्तच व्होल्ट देतो. ते एका वेळी ०.०१ किंवा ०.०२ व्होल्ट असं उतरवत जा. स्थिर चालण्याची खालची पायरी सापडली की हाती येतात ते खरे वॉट, आणि कूलर त्यांच्यासाठी घ्यायचा. जास्त व्होल्टेजचा त्रास उष्णतेपुरता नसतो, हेही ध्यानात ठेवा. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीला ०x१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामची सुधारणा) काढून व्होल्टेजची मागणी १.५५ व्होल्टच्या वर जाणार नाही अशी सोय करावी लागली. कूलर कितीही मोठा असता, तरी त्याने हे नुकसान टळलं नसतं.

कूलर मोठा, तरी चिप तापलेलीच

रायझन ७ ५८००एक्स आणि रायझन ९ ५९५०एक्स या दोघांनाही सॉकेटमधून १४२ वॉटच मिळतात. तरी त्याच कूलरखाली आठ कोअरचा ५८००एक्स जास्त तापतो. त्याची सगळी उष्णता सुमारे ८० चौरस मिलिमीटरच्या एकाच चिपलेटमधून, म्हणजे चिपच्या एकाच तुकड्यातून, बाहेर पडते, तर सोळा कोअरच्या ५९५०एक्समध्ये ती दोन चिपलेटांत वाटली जाते. एवढ्याशा जागेतून उष्णता कूलरच्या तळपट्टीपर्यंत पोहोचणं हीच अडचण असेल, तर वर पंख्यांचा मनोरा चढवून एक-दोन अंशांपलीकडे हाती काही लागत नाही.

अडचण कुठे आहे हे ओळखायला मी दोन गोष्टी बघतो. पहिली, तापमान कसं चढतं. लोड दिल्याबरोबर सेकंदभरात ५० वरून ९५ झालं, तर उष्णता कूलरपर्यंत पोहोचत नाहीये: प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट, कूलरचा दाब किंवा मुळातच दाट चिप. ७५ वरून मिनिटामिनिटाला रांगत ९५ वर गेलं, तर पोहोचलेली उष्णता बाहेर टाकली जात नाहीये: कूलर लहान, पंखा मंद किंवा कॅबिनेट कोंदट. दुसरी गोष्ट हाताची. पंख्याच्या पात्यांपासून बोटं लांब ठेवून हीटसिंकच्या (कूलरच्या धातूच्या भागाच्या) मागून येणारी हवा तपासा. स्क्रीनवर ९५ आणि हवा गार असेल, तर कूलर उतरवून तळ बघायची वेळ आलीय.

रायझन ७००० मालिकेवाल्यांसाठी एक खुलासा. हे प्रोसेसर पूर्ण लोडवर ९५ अंशांपर्यंत जाण्याच्या हिशेबानेच बनवलेत. कूलर बदलून आकडा ९५ च राहिला आणि क्लॉक वाढला, तर नवा कूलर चांगलाच म्हणायचा. या चिपांवर अंशांऐवजी क्लॉक आणि वॉट बघा.

मापं न घेणं

ही चूक मी स्वतः केली आहे. धातूच्या पट्ट्यांच्या दोन मनोऱ्यांचा कूलर घेतला, कॅबिनेटमध्ये उंची बसते हे बघितलं आणि खूश झालो. रॅमचा विचारच केला नव्हता. चमचमत्या रॅमवर पुढचा पंखा टेकला, म्हणून तो वर सरकवला, आणि मग काच लागेना. पुढे दोन महिने मशीन एका बाजूने उघडंच चाललं.

नॉक्टुआच्या एनएच-डी१५ चं उदाहरण घेऊ. उंची १६५ मिमी, दोन पंख्यांसह पुढच्या पंख्याखाली रॅमला जागा ३२ मिमी. तुमची रॅम ४४ मिमीची असेल, तर पंखा १२ मिमी वर जाणार आणि उंची होणार १७७. कॅबिनेट १७० मिमीचं असेल, तर खेळ संपला. मग कमी उंचीची रॅम, एकाच पंख्यावर काम भागवणं किंवा एका मनोऱ्याचा कूलर, यातलं काहीतरी निवडावं लागतं. आणि हो, पंख्यांसह १.३ किलोचं हे धूड अंगावर असताना मशीन प्रवासाला पाठवू नका.

बसवताना

तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहून गेली, हे सांगायलाही लोक लाजतात, पण तापलेल्या मशीनमध्ये मी आधी तेच तपासतो. त्यानंतर कूलर सॉकेटवर बसवायचा संच. २०२१ मध्ये आलेल्या इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटची भोकं ७८ मिमी अंतरावर आहेत, आधीच्या एलजीए १२०० ची ७५ वर. उंचीही बदलली. जुना संच ओढूनताणून बसवला, तर दाब सगळीकडे सारखा येत नाही. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर बहुतेक आधीच्या एएम४ चे कूलर चालतात, पण बोर्डाची मूळ मागची पट्टी वापरणारेच, कारण ती पट्टी आता काढता येत नाही.

स्क्रू एकेक करून पूर्ण आवळू नका. समोरासमोरचे आलटून पालटून, दोन-दोन फेऱ्यांनी. पेस्ट नवीन लावा, जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून. थोडी जास्त झाली तर बाजूने बाहेर येते, कमी पडली तर कोपरा कोरडा राहतो, म्हणून कंजूषपणा नको. एएम४ चा कूलर काढताना आधी मशीन थोडं तापवून बंद करा आणि कूलर हळूच डावी-उजवीकडे फिरवून सैल करा. सरळ वर ओढलात, तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर हातात येतो, पिना वाकवून.

हवा येणार कुठून?

एअर कूलर कॅबिनेटमधलीच हवा वापरतो. बाजूचं पॅनल उघडून तोच लोड पुन्हा द्या. तापमान पाच-सात अंशांनी उतरलं, तर दोष कूलरचा नाही, पुढच्या बंद काचेचा आणि ग्राफिक्स कार्डाच्या गरम हवेचा आहे. पंख्याची दिशाही बघा: ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या काड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. उलटा लागलेला मागचा पंखा मी एकदा नव्हे, तीनदा पाहिलाय.

चाचणी कशावर घ्यायची, यावर वाद होतात. प्राइम९५ या चाचणी प्रोग्रामचं स्मॉल एफएफटी, म्हणजे त्यातली एक कडक चाचणी, गेमपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतं. गेमच खेळणार असाल, तर त्याच्यासाठी कूलर घेणं उधळपट्टी आहे. दिवसभर रेंडरिंग करणार असाल, तर मात्र अर्धा तास सलग लोड द्याच, कारण पहिल्या पाच मिनिटांत धातूच उष्णता पिऊन घेतो आणि सगळं छान दिसतं. सलग २५० वॉटच्या पुढे जायचं असेल, तर मी हवेवर भांडत बसत नाही, १०० मेगाहर्ट्झ खाली येतो.

आणि दर नोंदीसमोर खोलीचं तापमान लिहा. २२ अंशांच्या खोलीत ८२ आणि ३० अंशांच्या खोलीत ९०, फरक दोन्हीकडे ६० चाच. नवे आकडे आठ अंशांनी वाढलेले दिसले आणि खोलीही तेवढीच तापलेली असेल, तर स्क्रू ड्रायव्हर जागेवर ठेवून द्या.