गाडी बुक करायच्या आधी २१३२ ची पट्टी कापा

मी चोवीस वर्षं फर्निचरची कामं घेते. जिन्याचं वळण न मोजता कपाट बनवलं तर काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. ते सुटं करून वर न्यावं लागतं. गाडी सुटी करून पार्किंगमध्ये नेता येत नाही. म्हणून भाच्याने जेव्हा विचारलं, "मावशी, हॅरियर ईव्ही आपल्या बिल्डिंगमध्ये बसेल ना गं?", तेव्हा मी उत्तर दिलं नाही. कारखान्यात जाऊन मिस्त्रींकडून सागाची एक सरळ पट्टी कापून आणली, बरोबर २१३२ मिलिमीटरची.

हॅरियर ईव्ही म्हणजे टाटांची इलेक्ट्रिक एसयूव्ही, आणि हा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकातला आहे: लांबी ४६०७, रुंदी २१३२, उंची १७४०. हीच बॉडी असलेल्या डिझेल हॅरियरच्या पत्रकात रुंदी १९२२ लिहिलेली असते. फरक आरशांचा. एका पत्रकात आरसे धरून आकडा असतो, दुसऱ्यात आरसे सोडून, आणि लोक दोन्ही शेजारी ठेवून तुलना करतात. तुम्ही कुठलीही गाडी बघत असाल तर आधी हे दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्या. गल्लीतून, फाटकातून आणि रानातून जाताना आरसे धरून असलेली रुंदी लागते. उभी करताना बॉडीची रुंदी, अधिक दार उघडायला लागणारी जागा.

अंदाज यावा म्हणून आरसे सोडून काही बॉडींची मापं: जिम्नी १६४५, थार रॉक्स १८७०, महिंद्राची एक्सईव्ही ९ई १९०७. अमेरिकेतली हमर ईव्ही आरसे सोडूनच जवळजवळ २.२ मीटर रुंद आणि ४ टनांच्या आसपास वजनाची आहे. ती तिकडच्या घरांच्या गॅरेजमध्येही अंग चोरून शिरते. आपल्याकडे मुंबईच्या विकास नियमावलीत छोट्या गाडीची जागा २.३ बाय ४.५ मीटर आणि मोठीची २.५ बाय ५.५ मीटर धरलेली आहे. यावरून कळेल की आपल्या शहराने गाडी केवढी असेल असं मनात धरलं होतं.

आता पट्टी घेऊन खाली उतरा. सकाळी नको, रात्री साडेनऊनंतर, जेव्हा सगळ्या गाड्या घरी आलेल्या असतात.

आमची बिल्डिंग पार्ल्यात पूर्वेला, रिडेव्हलपमेंटमध्ये झालेली. विमानतळामुळे इथे उंचीवर मर्यादा आहे, त्यामुळे पार्किंगसाठी वर मजले चढवता येत नाहीत. गाड्या खड्ड्यात जातात. म्हणजे पिट असलेलं स्टॅक पार्किंग: गाड्या पॅलेटवर, म्हणजे खाली-वर होणाऱ्या लोखंडी फळ्यांवर, एकावर एक ठेवतात. अशा पार्किंगच्या खांबावर पत्र्याची एक छोटी पाटी असते आणि ती कोणीही वाचत नाही. आमच्या पाटीवर खालच्या पॅलेटसाठी उंची १५५०, रुंदी १९००, वजन २००० किलो असं लिहिलंय. भाच्याच्या आईवडिलांच्या नावावर नेमकं तेच पॅलेट. तिन्ही बाबतींत नापास: उंची १७४०, बॉडी १९२२, आणि ७५ युनिटची बॅटरी पोटात घेऊन फिरणारी गाडी दोन टनांच्या वर जाते. शोरूममधला मुलगा "आरामात बसेल, मॅडम" म्हणाला होता. त्याने पाटी पाहिली नव्हती.

वजनाच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करायला सांगणार नाही. उंची जास्त झाली तर टप घासेल, ते नुकसान तुमचं. वजन जास्त झालं तर साखळी आणि मोटर दोन्ही रोज ताणले जातात, आणि वरच्या पॅलेटखाली दुसऱ्याची गाडी असते, कधी माणूसही. स्टॅकची देखभाल करणाऱ्यांकडून लेखी उत्तर मागा. तोंडी "चालतंय हो" घेऊ नका. पॅलेटवर चाकांसाठी उभ्या कडा असतात, त्या दोन कडांमधलं आतलं अंतरही मोजा. टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं माप त्यात बसून दोन्हीकडे चार बोटं उरली पाहिजेत. नाहीतर रिम घासतात.

स्टॅक नसून स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या तळमजल्यात, खांबांच्या मधली जागा असेल तर दोन गोष्टी बघा. नकाशात खांबांमध्ये २५०० लिहिलेलं असतं, पण त्यावर प्लॅस्टर आणि टाइल चढलेली असते. आमच्याकडे प्रत्यक्षात २४६० भरले. त्यातून बॉडीचे १९२२ वजा करा. उरतात ५३८. डावीकडे खांबापासून १०० ठेवून गाडी लावली तर चालकाच्या बाजूला ४३८, म्हणजे साधारण चव्वेचाळीस सेंटिमीटर. बारीक माणूस यातून तिरका होऊन बाहेर पडतो. माझ्या बहिणीचे गुडघे दुखतात, तिला ते जमत नाही. म्हणून दार किती उघडतं हे कागदावर न ठरवता टेस्ट ड्राइव्हची गाडी बिल्डिंगमध्येच मागवा, पहिल्या खटक्यापर्यंत दार उघडा आणि घरातल्या सगळ्यांत अवघडलेल्या माणसाला उतरायला लावा. दुसरी गोष्ट म्हणजे खांब कुठे येतो. बॉनेटपाशी आला तर त्रास नाही. दाराच्या मध्यावर आला तर तीच जागा निरुपयोगी.

गाडी यायच्या आधी आम्ही जमिनीवर रांगोळीने ४६०७ बाय २१३२ चा चौकोन काढला. दोन दिवस तो तसाच राहू दिला. वॉचमनने सांगितलं की दुधाच्या टेम्पोला वळायला अडचण होते. हे कुठल्याही पत्रकात सापडलं नसतं.

तोडगा असा निघाला: तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या, एकाच बाजूला खांब असलेल्या जागेत एका काकांची वॅगनआर होती. त्यांना खालचं पॅलेट चालणार होतं. कमिटीकडे दोघांनी अर्ज दिला, अदलाबदल सहीशिक्क्यानिशी झाली. तुमच्या सोसायटीतही असं कोणीतरी असतं. पण विचारताना त्यांची सोय आधी बघा. काकांना पॅलेट खाली-वर व्हायला लागणारी तीन मिनिटं सकाळच्या औषधाच्या वेळेत चालतील का, हे आम्ही त्यांच्या घरी बसून विचारलं होतं.

चार्जिंगचा प्रश्न जागेशी बांधलेला आहे. हलत्या पॅलेटवर केबल लटकवणं धोक्याचं, त्यामुळे स्टॅकवाल्यांनी चार्जरची जागा वेगळी आणि स्थिर मिळते का, हे आधी बघावं. ७.२ किलोवॅटचा चार्जर एका फेजवर ३१ अँपिअरच्या आसपास ओढतो. तेवढा मंजूर भार तुमच्या मीटरवर असतोच असं नाही. पण सगळ्यांना तो लागतही नाही. आठवड्याला २०० किलोमीटर फिरणं आणि किलोमीटरला ०.१८ युनिट धरा: ३६ युनिट झाले. साध्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर ३.३ किलोवॅटने ते अकरा तासांत भरतात. म्हणजे आठवड्याला एक रात्र. त्या पॉइंटची वायर मात्र मीटर रूमपासून स्वतंत्र ओढून घ्या, अर्थिंग तपासून घ्या. जुन्या पॉइंटवरून एक्स्टेन्शन काढून अकरा तास चार्ज करू नका.

गल्लीबद्दल थोडक्यात. पट्टी आडवी धरून रविवारी संध्याकाळी, दोन्हीकडे गाड्या उभ्या असताना, घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत चालत जा. ज्या ठिकाणी पट्टी तिरकी करावी लागली, तिथे रोज आरसे मिटावे लागणार. आमच्याकडे अशी एकच जागा निघाली, नारळवाल्याच्या गाडीपाशी.

आता रान. भाच्याला ही गाडी ज्या कारणासाठी हवी आहे, ते हेच.

मला वाटायचं की इलेक्ट्रिक गाडी डोंगरात म्हणजे उगाच हौस. आता तसं वाटत नाही. दगडावर चाक चढवताना अगदी सावकाश, पण भरपूर जोर लागतो. पेट्रोल-डिझेल गाडीत त्यासाठी लो रेंजचा वेगळा गिअर घ्यावा लागतो, क्लच असेल तर तो जळत जातो. मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण जोर देते. हॅरियरच्या चारही चाकं फिरवणाऱ्या प्रकारात पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटरी आहेत. उतारावर मोटरच गाडी धरते आणि थोडी वीज परत बॅटरीत टाकते. आणि शांतता! इंजिन नसल्यामुळे टायरखाली दगड सरकल्याचा आवाज येतो, चाक फिरून फसायला लागलंय हे कानाला आधी कळतं.

तरीही रुंदी आणि वजन तिथेही सुटत नाहीत. आम्ही डिसेंबरात लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीला गेलो, भाच्याच्या मित्राच्या थार रॉक्समधून, टपावर माझी पट्टी बांधून. साधारण पंधरा किलोमीटरची वाट, शेवटी उधेवाडी गाव. जिथे वाट अरुंद दिसली तिथे मी उतरले आणि पट्टी आडवी धरून पुढे चालले. अकरा जागी दोन्ही टोकांना कारवीची झुडपं लागली. काही जागी नुसती मऊ पानं होती. चार जागी वाळलेले, कडक दांडे होते, आणि ते रंगावर रेघ ओढणारच. एका जागी डावीकडे दगडी कड होती आणि उजवीकडे घसरती माती. रॉक्स गेली. २१३२ ची पट्टी टेकली. आरसे मिटले तर हॅरियर तिथून जाईल, पण मग बाजूचं दिसणार नाही. कॅमेरे आहेत, पण चिखलाने भरलेला कॅमेरा काही दाखवत नाही. बाहेर उतरून रस्ता दाखवणारं माणूस हवंच, आणि हाताच्या खुणा आधी ठरवून ठेवा: थांब, डावीकडे, उजवीकडे, मागे. चालकाने फक्त त्या एकाच माणसाकडे बघायचं.

रुंद गाडीची आणखी एक अडचण आहे, ती पट्टीने कळत नाही. रानातल्या वाटेवर चाकोऱ्या असतात, आणि त्या गावातल्या जीपांनी आणि पिकअपनी पाडलेल्या असतात. त्यांच्या चाकांमधलं अंतर कमी. रुंद गाडीचं एक चाक चाकोरीत बसतं आणि दुसरं मधल्या उंचवट्यावर किंवा बाहेरच्या काठावर चढतं. गाडी तिरकी होते आणि पोट खाली येतं, आणि पोटात बॅटरी आहे. अशा ठिकाणी दोन्ही चाकं मुद्दाम चाकोरीबाहेर, उंच भागावर ठेवून जायचं. ते शक्य नसेल तर वळायचं. वळायला जागा आहे का, हे पुढे जाण्याआधी बघून ठेवायचं.

टायरची हवा दगडांवर थोडी कमी करतात, पण १९ इंची रिमवर टायरची भिंत बुटकी असते, त्यामुळे फार उतरवू नका. बेसॉल्टचा धारदार तुकडा भिंत कापतो आणि भिंतीवरची चीर पंक्चर किटने बुजत नाही. म्हणून गाडीत पूर्ण मापाचं स्पेअर चाक मिळतं की नुसतं किट, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. गाडी अडली तर चाकं जमिनीवर फिरवत ओढून नेता येत नाही, गाडी पाठीवर घेऊन जाणारा फ्लॅटबेड ट्रक लागतो, आणि तो राजमाचीच्या वाटेवर येत नाही. दुसरी गाडी सोबत असल्याशिवाय जाऊ नका.

पाण्याचं: किती खोल पाण्यातून गाडी जाईल, तर हॅरियर ईव्हीसाठी कंपनी ६०० मिमी सांगते, मर्सिडीजच्या इलेक्ट्रिक जी-क्लाससाठी ८५० मिमी. ६०० म्हणजे माझ्या मांडीच्या मध्यापर्यंत. हा आकडा संथ पाण्याचा आहे. पावसाळ्यात ओढा धावत असतो. आधी काठी घेऊन स्वतः उतरून बघा. गुडघ्यापाशी पाय ओढला जात असेल तर गाडी घालू नका, आकडा काहीही असो. मुंबईत तुंबणाऱ्या हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यातही हेच. शिवाय तिथे उघडं गटार दिसत नाही. आणि समुद्राच्या वाळूत तर जाऊच नका: खारं पाणी, दोन टनांचं ओझं, भरती, आणि रायगडच्या किनाऱ्यांवर पोलीस गुन्हेही नोंदवतात.

बॅटरी पुरेल का, याचा हिशेब मी चहाच्या टपरीवर मांडला. माणसांसकट अडीच टन गाडी खोपोलीहून लोणावळ्याला साडेपाचशे मीटर वर चढवायला पावणेचार युनिट लागतात, जास्तीचं नुकसान धरून चार. पार्ल्याहून जायचे १५, घाटाचे ४, रानातल्या जाऊन-येऊन तीस किलोमीटरचे धीम्या गतीने ९, परतीचे १३. एकूण ४१ युनिट. ७५ च्या बॅटरीत वाटेत चार्ज न करता बसतं. निघताना पूर्ण भरलेली असली की झालं.

म्हणजे वीज अडवत नाही. अडवते ती रुंदी, आणि तीही मोजक्याच जागी. वर्षातून तीनचारदाच रानात जाणाऱ्या आणि रोज रात्री स्टॅकमध्ये गाडी टाकणाऱ्या माणसाला मी रुंद गाडी घे म्हणणार नाही. ज्याची तळाची जागा पक्की आहे आणि ज्याला रेघांचं दुःख होणार नाही, त्याने घ्यावी. भाच्याने बुकिंग केलंय. राजमाचीला गाडी त्या दगडी कडेच्या अलीकडे, मोकळ्या माळावर ठेवायची आणि पुढे उधेवाडीपर्यंत चालत जायचं, असं त्याने मला कबूल केलंय. वाट अडवून नाही, एका बाजूला. कारण गावातलं कोणी आजारी पडलं तर जीप त्याच वाटेने खाली येते.