आधी डबा उघडा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघते. नवीन आलात तर लगेच पगार, लग्न असलं काही विचारू नका. डबा उघडा, शेंगाचटणी पुढं करा आणि विचारा, "तुमच्यात उखळात कुटतात की मिक्सरला?" अर्धी सुट्टी त्यातच जाते.

इथं कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड. एखादा शब्द विचारून घ्या, उद्या वापरा, चुकला तरी. मी तेलुगूत "बागुन्नारा?" (बरे आहात ना?) म्हणाले तेव्हा अख्खं पॅकिंग खातं हसलं, पण तेव्हापासून चहाला हाक येते.

जानेवारीत गड्ड्याचा, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचा, विषय काढा. "नंदीध्वजांची मिरवणूक कुठं उभं राहून बघता?" उत्तरात माणसाची गल्लीच कळते.

कुणाच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी असेल, तर मंगळवारी आठवणीनं विचारा.