पट्टेरी बास: सोडलेला मासा वाचतोच असं नाही, या चुका टाळा

एप्रिल संपत आला की न्यू जर्सीच्या रॅरिटन बेमध्ये बंकरच्या झुंडी शिरतात. बंकर म्हणजे मेनहेडन, आपल्या तारलीच्या जातकुळीतला तेलकट मासा. त्याच्या मागावर पट्टेरी बास येतो. इथे त्याला सगळे स्ट्रायपर म्हणतात, तर खाली मेरीलँडमध्ये तोच रॉकफिश. पहाटे पाणी उकळल्यासारखं खदखदतं आणि वर सीगल घिरट्या घालत असतात. हल्ली आपली मराठी मंडळीही रॉड घेऊन किनाऱ्यावर भेटतात. दर वर्षी त्यांच्यातलं कुणीतरी म्हणतंच, "मासा कमी झालाय म्हणे! इथे तर नुसता खच आहे."

सगळ्यात मोठी चूक हीच.

डोळ्यांना दिसतो तेवढा मासा समुद्रात आहे असं समजणं

स्ट्रायपर समुद्रात वाढतो, पण अंडी घालायला हिलसासारखा नदीत चढतो. हडसन आणि डेलावेअर या नद्यांत त्याची वीण होते खरी, पण अटलांटिक किनाऱ्यावरच्या बहुतेक माशांचं माहेर म्हणजे मेरीलँडला लागून असलेली चेसापीक बे ही मोठी खाडी आणि तिला मिळणाऱ्या नद्या. मेरीलँडचे शास्त्रज्ञ १९५४ पासून दर उन्हाळ्यात तिथल्या ठरावीक जागी किनाऱ्यालगत जाळं ओढतात आणि त्यात सापडलेली त्या वर्षीची पिल्लं मोजतात. इतक्या वर्षांची सरासरी एका ओढीला साधारण ११ पिल्लांची आहे. २०२३ मध्ये हा आकडा १ वर आला, २०२४ मध्ये २ झाला. २०१९ पासून एकही वर्ष सरासरीच्या जवळपास गेलेलं नाही.

मग रॅरिटनमधला खच कुठला? त्यातले बरेचसे २०११ आणि २०१५ सालचे मासे. त्या दोन्ही वर्षी पिल्लं अमाप झाली होती, आज ती मोठी होऊन बंकरमागे एका जागी गोळा होतात. झुंडीने फिरणारा मासा संपत आला तरी झुंड दाटच दिसते. मादी वयात यायला पाच-सहा वर्षं लागतात, आठही लागू शकतात. त्यामुळे आज रिकामा गेलेला पाळणा किनाऱ्यावर जाणवेपर्यंत बरीच वर्षं उलटलेली असतात.

असंच पूर्वी एकदा झालंय. १९७३ मध्ये व्यावसायिक पकड १.४७ कोटी पौंडांवर पोचली होती. सगळे खुशीत होते. दहा वर्षांत ती ३५ लाख पौंडांवर घसरली.

आजार मोठा आणि औषध चिमूटभर

अटलांटिकच्या राज्यांचा एक सामायिक मत्स्य आयोग आहे. त्याने १९८१ मध्ये पहिली योजना केली, पण ती पाळणं राज्यांच्या मर्जीवर होतं. कुणी लांबी थोडी वाढवली, कुणी हंगाम थोडा कापला, आणि मासा घटतच राहिला. १९८४ मध्ये अमेरिकन संसदेने कायदा केला: जे राज्य योजना पाळणार नाही, तिथली स्ट्रायपरची मासेमारीच बंद. १ जानेवारी १९८५ पासून मेरीलँडने संपूर्ण बंदी घातली आणि ती पाच वर्षं टिकवली.

मला त्या बंदीपेक्षा तिच्यामागचा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. १९८२ ची पिल्लं त्यातल्या त्यात बरी झाली होती. त्या पिढीतल्या ९५ टक्के माद्यांना निदान एकदा अंडी घालायला मिळेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, असं ठरलं. मासेमारी परत कधी उघडायची हेही आधीच ठरलं होतं: पिल्लांच्या मोजणीची तीन वर्षांची सरासरी ८ च्या वर गेली की. १९८९ मध्ये मोजणी २५ वर गेली, १९९० मध्ये मर्यादित मासेमारी सुरू झाली आणि १९९५ मध्ये साठा सावरल्याचं जाहीर झालं. आकडा आधी ठरलेला नसता, तर दर वर्षी ज्याचा आवाज मोठा त्याचंच चाललं असतं. पावसाळ्यात होड्या वर ओढून नारळी पौर्णिमेची वाट बघणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

"आम्ही सोडतो, मारतात ते जाळीवाले"

न्यू जर्सीत स्ट्रायपर विकायला पकडताच येत नाही. तरी हे वाक्य इथे रोज कानावर येतं. संपूर्ण किनाऱ्याचा हिशेब मांडला तर माणसामुळे मरणाऱ्या स्ट्रायपरपैकी दहातले साडेआठ-नऊ हौशी गळवाल्यांच्या खात्यावर पडतात. सोडलेल्या माशांपैकी ९ टक्के नंतर मरतात, असं शास्त्रज्ञ धरतात. ऐकायला हे कमी वाटतं. पण २०२० मध्ये सुमारे ३ कोटी मासे पकडून सोडले गेले. त्याचे ९ टक्के म्हणजे २७ लाखांच्या आसपास. हौशी लोकांनी त्या वर्षी घरी नेले, त्याहून हे जास्त होते.

यातला एक माझ्या हातून गेला. जुलैची संध्याकाळ होती, पाणी कोमट, माझ्याकडे हलका रॉड. मासा दमून पार थकेपर्यंत मी त्याच्याशी झुंजत राहिलो. चाळीस इंचांच्या वरची मादी होती. अंगावर खवल्यांच्या ओळींतून काळ्या रेघा अगदी सुतासारख्या सरळ गेलेल्या. जबड्यात अंगठा घालून मी तिला उभी टांगली, मित्र फोटो काढत राहिला, एक हसरा, एक आडवा, एक परत. हाताला तिचा चिकट लेप लागत होता आणि कल्ले उघडून तसेच थांबत होते. पाण्यात सोडल्यावर ती हळूच कलली, पांढरं पोट वर आलं आणि ओहोटीबरोबर ती वाहत गेली. मी कमरेभर पाण्यात तिच्या मागे गेलो, पण ती हाती लागली नाही. "पकडून सोडला" असं लिहून तो फोटो मी टाकला होता. नंतर काढून टाकला.

तेव्हापासून मी काय बदललं ते सांगतो. रॉड आणि दोरी दणकट घेतो, म्हणजे मासा लवकर जवळ येतो. हात ओले करून, शक्यतो पाण्यातच काटा काढतो. फोटो हवाच असेल तर एक हात पोटाखाली, मासा आडवा, आणि आपण श्वास रोखून धरू तेवढाच वेळ. वाळूवर कधी ओढत नाही, कारण तो लेप खरवडला गेला की जंतुसंसर्गाला वाट मिळते. सोडताना खालचा ओठ धरून त्याला प्रवाहाच्या उलट दिशेला तोंड करून सरळ धरतो. पुढेमागे हलवत नाही. त्याने स्वतः शेपटी मारून सुटका केली की मगच सोडतो. आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाणी तापलं की स्ट्रायपरच्या वाटेलाच जात नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी, त्यात झुंजीचा थकवा. मेरीलँडमध्ये ऐन उन्हाळ्यात काही दिवस पकडून सोडण्यासाठीसुद्धा त्याच्यावर गळ टाकायला मनाई असते, ती याचसाठी.

सर्कल हूकवर मासा लागतच नाही?

२०२१ पासून आमिष लावून स्ट्रायपर पकडायचा तर सर्कल हूक सक्तीचा आहे. त्याचं टोक आत वळलेलं असतं, त्यामुळे तो आतड्यात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. तक्रार करणारे बहुतेक जण जुन्या सवयीने चावा जाणवताच रॉड झटकतात. झटका दिला की हा हूक तोंडातून सरळ निसटतो. दोरी ताणू द्या आणि सावकाश रीळ फिरवा, तो आपला आपण बसतो. दुसरं कारण आमिष. बंकरचा एवढा मोठा तुकडा लावतात की टोक त्यातच बुडून जातं. ते उघडं राहिलं पाहिजे. तरीही हूक खोल गिळला गेलाच तर ओढाताण करू नका, दोरी तोंडाजवळ कापून टाका.

गाभोळीच्या मोहात मोठी मादी नेणं

आपल्या घरी गाभोळीवर किती जीव असतो ते मला माहीत आहे. पण मोठ्या मादीच्या पोटात अंडी दहा-वीस लाखांच्या हिशेबाने असतात, आणि ती दर वसंतात परत नदी चढते. फक्त किमान लांबीचा नियम ठेवला तर सगळा भार नेमका या माद्यांवर येतो. म्हणून समुद्रकिनाऱ्यावर खालची आणि वरची अशी दोन्ही टोकं बांधलेली आहेत. २०१५ ची पिढी २८ ते ३५ इंचांच्या पट्ट्यात शिरली आणि धडाधड मारली जाऊ लागली, तेव्हा मे २०२३ मध्ये आयोगाने तातडीने वरची मर्यादा ३१ इंचांवर आणली. दिवसाला एका माणसाला एकच मासा.

मोजताना होणारी चूक साधी, पण दंडाची. टेप पोटाच्या गोलाईवरून नेली की लांबी वाढून दिसते. मासा सपाट फळीवर ठेवा, तोंड मिटा, शेपटीची टोकं चिमटीत जुळवा. नियम दर वर्षी बदलू शकतात आणि शेजारच्या राज्यात वेगळे असू शकतात, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला आपल्या राज्याच्या मत्स्य विभागाचं पान उघडून बघाच.

दोष फक्त गळाचा नाही, हेही खरं. पिल्लं कमी होण्यामागे उबदार हिवाळे आणि वसंतात नद्यांना येणारं कमी पाणी आहे. मेनहेडन किती पकडायचा हे २०२० पासून स्ट्रायपरची भूक हिशेबात घेऊन ठरवतात. पण हिवाळा आपल्या हातात नाही, रॉड आहे.

आणि धक्क्यावर पकडीची मोजणी करणारं कुणी क्लिपबोर्ड घेऊन "आज काय मिळालं?" विचारायला आलं तर घाईत "काही नाही" म्हणून निघून जाऊ नका. पुढचे नियम ठरवताना ही उत्तरंही हिशेबात घेतात. जे सोडले तेही सांगा, किती आणि अंदाजे केवढे.